घोड्यावरून जॉकी पडला, तर पुढे काय होतं?

रेसचा घोडा ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावतो, वजन ४५० किलोच्या आसपास. म्हणूनच मुंबईतल्या महालक्ष्मीसारख्या रेसकोर्सवर घोड्यांच्या मागोमाग रुग्णवाहिकाही धावते. पडलेल्या जॉकीला जागेवरच उपचार मिळतात.

धोका फक्त शर्यतीत नसतो. पहाटेपासून तबेल्यात राबणाऱ्या मोतद्दाराच्या पोटावर लाथ बसली, तर बाहेर जखम नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. लिदेत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे छोट्या जखमेनंतरही डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारावं.

दिंद्रुडसारख्या गावात वरातीच्या घोड्यावरून कोणी पडलं, तर शेजारी रुग्णवाहिका उभी नसते. अशा वेळी मान हलवू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. लगेच १०८ ला फोन करा.