सुरीपेक्षा कठीण काय?

स्वयंपाकघरातली सुरी बोथट झाली की हल्ली बऱ्याच घरांत खणातून एक छोटे साधन बाहेर निघते. मुठीत मावेल एवढे, प्लास्टिकचे, आणि त्यात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी एक खाच. खाचेतून सुरी तीन-चार वेळा ओढली की टोमॅटो पुन्हा न चेंगरता कापला जातो. काम इतक्या चटकन होते की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. पण सुरी म्हणजे कडक केलेले पोलाद. त्या पोलादालाही खरवडून काढील असे खाचेत काय बसवले आहे? आणि ते माणसाच्या हाती कधी आले? या प्रश्नांचा माग काढताना आम्हाला एक मोठा आणि काही ठिकाणी फार दुःखद इतिहास सापडला.

आधी धार म्हणजे काय ते पाहू. पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते. पोलादाच्या रेषेला ती असतेच. चांगल्या धारेची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी असते. समजा, सुरीची ५ सेंटिमीटर लांबीची धार भाजीवर टेकली आहे आणि आपण अर्धा किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे ५ न्यूटन, जोर लावत आहोत. बल भागिले क्षेत्रफळ केले तर दाब येतो सुमारे १० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजारपट! हीच धार झिजून २० मायक्रॉन जाड झाली तर त्याच जोराला दाब उरतो ५० पट. मग आपण जोर वाढवतो, सुरी घसरते आणि बोट कापते. बोथट सुरीने जास्त इजा होते हे अनुभवाचे बोल या भागाकारात आहेत. दाबाचा धडा शिकवताना वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

धार जाते ती कशी? भाजी तर पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तरीही धारेची पातळ कड कुठे वाकते, कुठे तिचे बारीक टवके उडतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाढीच्या पात्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. पण तो पात्याखाली वाकला आणि तिरका आला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर पात्याचा टवका उडतो. हे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. कड नुसती वाकली असेल तर ती पुन्हा सरळ करता येते. खाटिक सुरी लोखंडी सळईवर फिरवतो ते त्यासाठीच, आणि न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासतो तेही बरेचसे त्यासाठी. टवके उडाले असतील, कड गोल झाली असेल, तर मात्र दोन्ही बाजूंचे पोलाद थोडे थोडे काढून टाकून नवी कड घडवावी लागते. त्यासाठी पोलादापेक्षा कठीण असे काहीतरी हवे, आणि ते दोन्ही बाजूंना एकाच कोनात धरता आले पाहिजे.

पहिली गरज हजारो वर्षे निसर्गाने भागवली. नवाश्मयुगातल्या माणसाने आपल्या दगडी कुऱ्हाडी वालुकाश्मावर पाणी टाकून घासल्या, आणि धातू आल्यावर त्याच दगडावर धातू घासला. वालुकाश्मातले वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. चांगल्या निसण्याच्या दगडाला तेव्हापासून किंमत आहे. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात असे दगड कुठून येतात याची यादीच दिली आहे. तेलावर चालणारे वेगळे, पाण्यावर चालणारे वेगळे, आणि न्हाव्याच्या दुकानात थुंकीवर चालणारे आणखी वेगळे! ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटाचा दगड त्याच्या यादीत वरच्या जागी आहे. बेल्जियममधल्या आर्देन भागातला फिकट पिवळा दगडही असाच नावाजलेला. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात.

आपल्याकडे याहून कठीण वस्तू होती. कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. ॲल्युमिनियमच्या या ऑक्साइडमध्ये रंगीत आणि पारदर्शक खडा निघाला तर तो माणिक किंवा नीलम. मळकट निघाला तर तो घासायच्या कामाचा. कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तिची चाके करायची आणि त्यांवर रत्ने आणि हत्यारे घासायची ही भारतीय कारागिरांची जुनी रीत. युरोपात या खनिजाची शास्त्रीय ओळख झाली ती चार्ल्स ग्रेव्हिलने १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधामुळे, आणि इंग्रजीने शब्दही आपल्याकडूनच उचलला: कोरंडम. फ्रीडरिश मोस याने १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची शिडी मांडली, तीत कुरुंदाला नववी पायरी मिळाली. दहावी हिऱ्याची, सातवी क्वार्ट्झची. कडक पोलाद सातव्या पायरीच्या जरासे खाली येते. म्हणजे वाळूचा दगड सुरीपेक्षा कठीण खरा, पण अगदी थोडाच.

दगड पोलादापेक्षा थोडाच कठीण असला की काम हळू होते आणि वेळ फार लागतो. त्यावर उपाय म्हणून दगडाचे चाक करून ते फिरवायला लागले. फिरत्या सहाणेचे युरोपातले ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितात आहे. ते आता हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. चित्र एका स्तोत्रासाठी काढलेले. त्यात दुर्जन जुन्या पद्धतीने हातातल्या दगडावर तलवार घासत आहेत, आणि सज्जनांच्या बाजूला एकजण मूठ धरून मोठे चाक फिरवतो आहे व दुसरा त्यावर तलवार धरतो आहे. नवे यंत्र सज्जनांच्या हाती देणाऱ्या त्या चित्रकाराचे तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांना फार कौतुक. आम्हाला मात्र या चित्रानंतर जे घडले ते आठवल्यावाचून राहत नाही.

ते घडले इंग्लंडमधल्या शेफील्डला. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांचे हे गाव. भोवतालच्या नद्यांवर पाणचक्क्या, पुढे वाफेची यंत्रे, आणि त्यांवर फिरणारी वालुकाश्माची प्रचंड चाके. कारागीर चाकामागे लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखा बसायचा आणि चाकावर ओणवा होऊन पाते धरायचा. तोंड चाकापासून हातभर अंतरावर. चाक फुटून माणसे मरत. पण त्याहून मोठा मृत्यू धुळीतून येत होता. सुऱ्या बहुधा ओल्या चाकावर घासत. जेवणाचे काटे मात्र कोरड्या. डॉ. आर्नल्ड नाइट या शेफील्डच्या वैद्याने १८३० च्या सुमारास लिहून ठेवले आहे की कोरड्या चाकावर काटे घासणारे तिशीच्या आसपास मरतात आणि ओल्या चाकावर सुऱ्या घासणारे चाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. या कामाला मुले चौदाव्या वर्षाच्या सुमारास लागत. म्हणजे काटे घासणाऱ्याचे सारे कामाचे आयुष्य पंधरा-सोळा वर्षांचे!

यावर उपाय शोधणाऱ्यांत एक शिक्षक होता. जे. एच. एब्राहम या शेफील्डच्या शाळामास्तराने १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला चुंबकांची एक योजना केली. कारागिराच्या तोंडाशी चुंबक बसवायचे. उडणारी पोलादाची भुकटी त्यांना चिकटेल आणि श्वासात जाणार नाही. कल्पना सुबक होती आणि चुंबकांवर भुकटीचे थर चढतही. पण फुप्फुसांचा नाश करणारी धूळ प्रामुख्याने पोलादाची नव्हतीच, ती दगडाची होती. क्वार्ट्झच्या बारीक कणांनी फुप्फुसे आतून कडक होत जातात. या रोगाला आज सिलिकोसिस म्हणतात. चुंबक क्वार्ट्झला ओढत नाही. चुंबकत्वाचा पाठ शिकवणाऱ्याने याहून बोलके उदाहरण कुठे शोधावे? तसे कारागिरांनीही ती योजना मनावर घेतली नाही. माणसे जास्त जगू लागली तर कामाला हात वाढतील आणि मजुरी पडेल, अशी भीती त्यांच्यात होती असे तेव्हाच्या लिखाणात आढळते. वाचून अंगावर काटा येतो. (पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कामगारांना हाच रोग मोठ्या प्रमाणावर झाल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पाहण्यांत दिसून आले. त्या पेन्सिली आपल्यापैकी अनेकांनी वापरल्या आहेत.)

वालुकाश्माला पर्याय सापडला तो हिरा करायच्या नादात. एडवर्ड गुड्रिच ॲचेसन हा अमेरिकन संशोधक काही काळ एडिसनच्या हाताखाली काम केलेला. १८९१ साली त्याने लोखंडी भांड्यात माती आणि दगडी कोळशापासून केलेल्या कोकची भुकटी एकत्र घातली, विजेची एक तार भांड्याला जोडली, दुसरी कार्बनच्या कांडीला, आणि कांडी त्या मिश्रणात खुपसून जोराचा प्रवाह सोडला. भांडे थंड झाल्यावर कांडीच्या टोकाशी काही चमकदार कण दिसले. त्याने एक कण शिसपेन्सिलीच्या टोकाला चिकटवून काचेवर ओढला. काच हिऱ्याने कापावी तशी कापली गेली! हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा असे वाटून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात मातीतले सिलिकॉन कार्बनशी संयोग पावले होते. तो पदार्थ होता सिलिकॉन कार्बाइड. त्यात कोरंडमचा अंश नाही, पण नाव टिकले, आणि नायगाराच्या विजेवर तयार होणाऱ्या वस्तूला तमिळ शब्द कायमचा चिकटला. १९५४ साली मद्रासला हेच नाव धारण करणारी कंपनी निघाली तेव्हा तो शब्द फिरून घरी आला.

सुरुवातीला ॲचेसनने आपली भुकटी न्यूयॉर्कच्या रत्नकारांना कॅरटला ४० सेंट या भावाने विकली. १८९५ मध्ये त्याने नायगारा धबधब्याजवळ कारखाना हलवला. तिथल्या स्वस्त विजेवर वाळू आणि कोक दोन हजार अंशांहून अधिक तापवता येऊ लागले आणि भाव कोसळला. पाठोपाठ बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंदही होऊ लागले. हे कण मातीत घट्ट भाजून केलेल्या चाकांनी विसाव्या शतकात वालुकाश्माची चाके हळूहळू हटवली. त्यांत मुक्त क्वार्ट्झ जवळपास नसते. धुळीचा प्रश्न सगळा सुटला असे कुणी म्हणू नये, पण शेफील्डचा तो जुना मृत्यू मागे हटला.

तोवर पोलादही बदलले होते, आणि बदल शेफील्डलाच झाला. १३ ऑगस्ट १९१३ रोजी हॅरी ब्रिअर्लीने १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. ते गंजत नव्हते. पहिल्या सुऱ्यांना मात्र धार धरेना आणि लोक त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवत. पुढे कार्बन वाढवून आणि उष्णतेची प्रक्रिया सुधारून धार आली, पण वेगळाच पेच झाला. अशा पोलादात क्रोमियम कार्बाइडचे बारीक कण तयार होतात. हिऱ्याचे टोक दाबून काठिण्य मोजण्याची एक रीत आहे. त्या मापावर कडक पोलाद सुमारे ७००, क्वार्ट्झ ८०० च्या आसपास, आणि क्रोमियम कार्बाइड १५०० च्या पुढे. म्हणजे पात्यातले कणच दगडापेक्षा कठीण! आजीच्या काळचा निसणा स्टेनलेसच्या सुरीवर नुसता घसरल्यासारखा वाटतो तो यामुळे. सिलिकॉन कार्बाइडचा आकडा २५०० च्या जवळ जातो, म्हणून त्याच्यापुढे हे कण टिकत नाहीत.

आता खाचेकडे येऊ. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधून एक कठीण पदार्थ केला. तो दिव्यांच्या उद्योगात होता. टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे परवडत नव्हते. १९२० च्या दशकातच क्रुप कंपनीने तो 'विडिया' नावाने विकायला काढला. हे नाव 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांपासून झालेले. स्वस्त हातसाधनात एकमेकींना छेदणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात त्या याच जातीच्या पदार्थाच्या. काही साधनांत शेजारी दुसरी खाच असते, पांढऱ्या चिनीमातीसारख्या कांड्यांची. ते बहुधा कृत्रिम कुरुंद, म्हणजे आपले जुने ओळखीचे.

दगडावर धार लावताना सुरी साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरून तो कोन शंभरदा जसाच्या तसा राखावा लागतो. शिकलगाराचे कसब ते हेच, आणि ते शिकायला वर्षे लागतात. खाचेने हा कोन हाताकडून काढून घेतला. सोय मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. दगड पोलाद बारीक ओरखड्यांनी झिजवतो. टंगस्टन कार्बाइडची पट्टी ते सोलून काढते. त्यामुळे सुरी लवकर झिजते आणि कड खडबडीत राहते. शिवाय सगळ्या सुऱ्यांना एकच कोन मिळतो. वस्तरा, एकाच बाजूने उतार असलेली पटाशी, दातेरी सुरी यांना हे साधन वापरूच नये.

भाजी चिरायच्या सुरीला मात्र ते पुरते. सुरी मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, फक्त तिच्या वजनाइतक्या दाबाने ओढावी. मागेपुढे करू नये. तीन-चार वेळा पट्ट्यांतून, मग पाच-सहा वेळा कांड्यांतून. खाली पांढरा कागद ठेवला तर त्यावर काळपट भुकटी आणि बारीक कुरळे तुकडे पडतात. कागदाखालून चुंबक फिरवावा. ते उभे राहतात. मग सुरी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण तेच तुकडे नाहीतर कोशिंबिरीत जातात.