इंग्रजी शब्दाचे तुकडे



'एच-ए-बी-आय-टी, हॅबिट' अशी घोकंपट्टी आपल्या घराघरांतून ऐकूं येते. अक्षरें पाठ होतात; पण शब्द कोठें तोडावा, हें मुलाला कोणी सांगत नाहीं. या प्रश्नावर इंग्रजी शिक्षकांतही एके काळीं मतभेद होता.

१७४० सालीं थॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचें स्पेलिंगचें पुस्तक निघालें. त्या जुन्या रीतीप्रमाणें दोन स्वरांमधलें व्यंजन पुढच्या स्वराला जोडीत. म्हणून हॅबिटचे तुकडे एच-ए आणि बी-आय-टी असे पडत. पहिला तुकडा सुटा वाचला, कीं मुलाच्या तोंडून 'हे' निघे! १७८३ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें नोआ वेब्स्टर या तरुण शिक्षकानें आपलें पुस्तक छापून ही रीत मोडली. शब्द कानाला जेथें तुटतो तेथेंच तोडावा, हें त्याचें म्हणणें. त्यानें तुकडे पाडले ते एच-ए-बी आणि आय-टी. 'टी-आय-ओ-एन' हा शेवट पूर्वी दोन तुकड्यांत फोडीत. त्यानें तो 'शन' असा एकच धरला. त्या पुस्तकाच्या पुढें कोट्यवधि प्रती खपल्या.

डिलवर्थची रीत आपल्याला मात्र ओळखीची वाटते, कारण देवनागरी लिपि तेंच करते. आपण 'स-त्य' असें लिहितों; कान मात्र 'सत्-य' असें ऐकतो. जोडाक्षरामागचें ऱ्हस्व अक्षर गुरु मानणाऱ्या छंदःशास्त्रानें हा कानाचा न्याय फार पूर्वींच ओळखला होता. आपल्या गांवाचेंच नांव घ्या. 'सोलापूर' लिहितांना अक्षरें चार, पण बोलतांना खंड तीनच: सो-ला-पूर. इंग्रजींत ज्याला सिलॅबल म्हणतात, तो हाच उच्चारखंड.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि पुढें मॅट्रिकच्या परीक्षेंतील इंग्रजीनें कित्येक हुशार मुलांची वाट अडविली. स्पेलिंग चुकलें कीं मूल मंद ठरे. दोष बुद्धीचा नसून पुष्कळदां रीतीचा असतो. 'रिमेंबर' या शब्दाचीं आठ अक्षरें एका दमांत लक्षांत ठेवणें कठीण; पण आर-ई, एम-ई-एम, बी-ई-आर असे तीन घांस केले, तर तीं सहज पचतात.

मूक अक्षरें यानेंही सुटत नाहींत; तीं पाठच करावीं लागतात. परंतु मुलाला आधीं शब्द मोठ्यानें म्हणूं द्यावा, खंड बोटांवर मोजूं द्यावे, आणि मगच पाटी हातीं द्यावी.