विनयनगरची सायकल

आमचे नाना १९५६ साली सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि त्यांना विनयनगरात क्वार्टर मिळालं. विनयनगर म्हणजे आजचं सरोजिनीनगर. सकाळी पॅन्टच्या पायाला लोखंडी क्लिप लावायची, कॅरियरला डबा अडकवायचा आणि सेक्रेटरिएटची वाट धरायची. रस्ताभर सायकलीच सायकली. अर्ध्या तासात माणूस टेबलावर हजर. ज्यांनी ही वसाहत आखली त्यांनी कारकुनाच्या पायांचा विचार केला होता, असं नाना फार आदराने सांगत.

क्वार्टरांच्या मागून रिंग रेल्वे जायची. गजबजलेली स्टेशनं टाळून मालगाड्या वळवता याव्यात म्हणून १९७५मध्ये ती पूर्ण केली होती. १९८२च्या एशियाडच्या वेळी तिच्यावर लोकल गाड्या वाढवल्या. पस्तीस किलोमीटरचं अख्खं कडं! नाना हौसेने आत्याला घेऊन फेरी मारून आले. आत्या अजून सांगते, ‘गाडी छान होती रे, पण उतरलो की पुढे काहीच नाही. झुडपांतली पायवाट, मग रस्ता, मग बसची वाट बघा.’ रूळ मालासाठी टाकलेले, स्टेशनं वस्त्यांच्या पाठीशी. त्यांच्याभोवती ना बाजार वसवला, ना कचेऱ्या आणल्या, ना बस जोडली. गाड्या रिकाम्याच फिरत राहिल्या. लोक आळशी होते म्हणून ती रेल्वे फसली असं म्हणणाऱ्यांशी नाना भांडत.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. यमुनेपलीकडे आयपी एक्स्टेन्शनमध्ये सोसायटीचा फ्लॅट घेतला आणि बाबांच्या नशिबी दोन बसेस आल्या. घर तिथे झालं, मेट्रो मात्र २०१८मध्ये आली. मेट्रोच्या पिंक लाइनवर सरोजिनीनगर आणि आयपी एक्स्टेन्शन दोन्ही होती, पण मध्ये त्रिलोकपुरीत तीनशे मीटरांहूनही कमी तुकडा अडला होता. तिथल्या काही कुटुंबांच्या पुनर्वसनाचा तिढा होता. तो सुटून ६ ऑगस्ट २०२१ रोजी मार्ग जोडला गेला. जमिनीचा प्रश्न मागाहून सोडवायला घेतला की तीनशे मीटर ओलांडायला तीन वर्षं लागतात.

आत्या त्या गाडीने जुनं घर बघायला गेली. सरोजिनीनगर, नवरोजीनगर धरून सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीला २०१६मध्ये मंजुरी मिळाली होती. मेट्रोच्या दारात उंच इमारती बांधणं मला पटतं. पण त्यासाठी हजारो झाडं पाडायची होती. २०१८मध्ये लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि हायकोर्टाने तोड थांबवली. नवरोजीनगरात तर घरांच्या जागी विक्रीसाठी ऑफिसं उभी राहिली. स्टेशनाजवळची जागा विकायची आणि कारकुनाला लांब पाठवायचं, हे मला चूकच वाटतं.

माझा आत्येभाऊ ग्रेटर नोएडा वेस्टमध्ये राहतो. पंचवीस पंचवीस मजली टॉवर, लाखो माणसं. फ्लॅट घेताना त्याला दाखवलेल्या नकाशावर सोसायटीजवळून एक तुटक रेघ गेली होती: ‘प्रस्तावित मेट्रो’. तो नकाशा त्याने कपाटात जपून ठेवलाय. घडीवर फाटत आलाय. भाऊ रोज गाडी काढतो.

दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान मिळून राजधानी परिसराचा एकत्र विचार व्हावा म्हणून १९८५मध्ये कायदा करून मंडळ नेमलं. त्याच्या वाहतूक आराखड्यात वेगवान रेल्वेचे आठ मार्ग सुचवले आहेत. पहिला दिल्ली-मेरठ, ८२ किलोमीटरचा. ऑक्टोबर २०२३मध्ये साहिबाबाद ते दुहाई ‘नमो भारत’ धावू लागली. रेघ मंडळ आखतं, पण स्टेशनाशेजारच्या शेतात काय उभं राहणार हे स्थानिक प्राधिकरण ठरवतं. या दोन टेबलांमध्येच सगळं हरवतं.

म्हणून तुमच्या शहराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील, तेव्हा एक कागद जरूर लिहा. नव्या वसाहतीला परवानगी देण्याआधी तिथला माणूस कामाला कसा जाणार, ते लेखी विचारा. आणि स्टेशनापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर साध्या पगाराच्या माणसाची घरं मागा.