ईश्वरी मार्गदर्शन (ख्रिस्ती जीवनातील)

रोजच्या आयुष्यातले निर्णय केवळ आपल्या समजुतीवर न सोडता देवाच्या इच्छेपुढे ठेवण्याची ख्रिस्ती साधना. जुन्या करारातील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील पाचवे व सहावे वचन हा तिचा मुख्य आधार. नव्या करारात याकोबाचे पत्र (४:१३-१५) उद्याचा व्यापार आणि नफा आजच ठरवून टाकणाऱ्यांना आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण करून देते. गेथशेमाने बागेत अटकेपूर्वी येशूने केलेली प्रार्थना ही या साधनेची परिसीमा मानतात.

ही साधना रोजच्या जगण्यात कशी उतरते, ते तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात पाहता येते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. जैनथ, बेला या सीमेलगतच्या मंडलांत मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. हा कापसाचा मुलूख आहे. पेरणी केव्हा करायची, कर्ज काढायचे की नाही, मुलीचे लग्न कुठे ठरवायचे, हे प्रश्न इथल्या ख्रिस्ती घरातही इतर घरांसारखेच असतात. फरक पडतो तो प्रार्थनेने. ‘प्रभूच्या हाती सोपवले’, ‘प्रभू चालवील’ ही वाक्ये मराठी ख्रिस्ती बोलण्यात रोजची आहेत. मराठी मुलखाशी या जिल्ह्याचे नाते चर्चच्या कारभारातही दिसते. १९६२ मध्ये सिरो-मलबार कॅथलिकांसाठी चांदा येथे जे धर्मक्षेत्र स्थापन झाले, त्यात चांदा व वर्धा यांच्याबरोबर आदिलाबादही होते. १९९९ मध्ये आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य ठाणे मंचिर्याल येथे आहे.

मार्गदर्शन ओळखण्याची रीत पंथागणिक बदलते. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूंचा सल्ला, पापनिवेदन आणि सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली अंतःप्रेरणा पारखण्याची पद्धत यांना महत्त्व आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शास्त्रवाचन, उपास-प्रार्थना आणि मंडळीपुढे दिलेली साक्ष यांवर भर असतो. वाचता वाचता एखादे वचन मनात ठसले की ‘वचन मिळाले’ म्हणतात. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि जिथे बोट पडेल तोच कौल समजायचा, ही प्रथाही काही ठिकाणी आढळते. ती या साधनेचा भाग नाही. जाणते पाळक तिच्यापासून लोकांना परावृत्त करतात.

मराठी मुलखातील या साधनेचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या बाईंकडे बुद्धीची वाण नव्हती. म्हणूनच त्यांचा दाखला मोलाचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला पुढे कित्येक वर्षांनी झाली, असे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८८९ मध्ये विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. सदनातील मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेला येऊन बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सदनाच्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. मुलींना प्रार्थनेपासून दूर ठेवले असते तर संस्थेचा आधार टिकला असता, हे रमाबाईंना कळत नव्हते असे नाही. तरी त्यांनी तसे केले नाही.

सदनाच्या अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दहा वर्षांपुरता मदतीचा शब्द दिला होता आणि त्याची मुदत १८९८ ला संपणार होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. हा व्यवहारी, हिशेबी विचार होता. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळातच गेले होते. अन्नावाचून माणूस कसा मरतो हे त्यांनी घरातच पाहिले होते. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, तेव्हा फळबागेच्या जमिनीवरच झोपड्या उभ्या राहिल्या. तिथेच पुढे ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे १,९०० जणी होत्या.

मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही घटनांची साखळी नीट पाहावी. जुने दुःख, आधी केलेली तजवीज आणि अचानक बंद झालेला रस्ता यांतून रमाबाईंना देवाचा हात दिसला. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर आणि चीनमध्ये काम केलेले हडसन टेलर यांच्या कामाच्या हकीकती त्यांनी वाचल्या होत्या. म्युलर यांनी आपल्या अनाथालयांसाठी कोणाकडे वर्गणी मागितली नाही, गरज देवापुढे मांडली. मुक्तीतही प्रार्थनेवर भार होता, पण त्याबरोबर शेती, विहिरी, विणकाम आणि छापखानाही होता. रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या व साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात त्यांनी अखेरची वर्षे घालवली. देवावर विसंबणे म्हणजे अभ्यास सोडणे, असे म्हणणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. त्यानंतर काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. १९१७ मध्ये आतल्या हाकेला ओ देऊन त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बिरादरी उभी केली. त्यांची निष्ठा निःसंशय. पण एकाला मिळालेल्या मार्गदर्शनाची किंमत घरातल्या दुसऱ्याला मोजावी लागते, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सतत जाणवते. लक्ष्मीबाई स्वतः १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्या आपल्या विचाराने, आपल्या वेळी. श्रद्धेच्या दृष्टीने त्यांचा मार्ग टिळकांच्या मार्गापेक्षा तसूभरही कमी नाही.

म्हणून मनातली प्रत्येक ऊर्मी देवाचीच, असे धरू नये. ती शास्त्राशी जुळते का, मंडळीतली शहाणी माणसे काय म्हणतात, तिचा भार कोणावर पडतो, हे तपासावे लागते. आजारपणात औषध नाकारण्याला तर शास्त्राचाही आधार नाही: पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सैकरांस ४:१४) आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). देवाच्या नावाने घरातल्या आजाऱ्याचे उपचार थांबवू नयेत. प्रार्थना करावी आणि दवाखान्यातही न्यावे.

रमाबाईंचे संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. केडगावची संस्था आजही चालू आहे.