तळटीप १४ : ‘व्हॅल्यूएरर’

१४. व्हॅल्यूएरर : पायथन भाषेतील एक एक्सेप्शन. वयाच्या जागी कोणी ‘पंचवीस’ असे अक्षरांत लिहिले, किंवा काहीच न लिहिता एंटर दाबले, की त्या मजकुराचा पूर्णांक करू पाहणारे ‘इंट’ हे फंक्शन तो उठवते. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ लिहून तो पकडला नाही, तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. देवनागरी आकड्यांची मात्र धास्ती नको. ‘२५’ हे पायथन ३ बिनतक्रार स्वीकारते. उताऱ्यातली १५ ते ४९ ही वयोमर्यादा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील स्त्रियांच्या मुलाखतींची आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) हे सर्वेक्षण राबवते. चौथ्या फेरीत (२०१५–१६) उत्तरे कागदाऐवजी छोट्या लॅपटॉपवर भरली गेली. ‘२५०’ हे वय अशक्य असले तरी तो पूर्णांक आहे, त्यामुळे तिथे व्हॅल्यूएरर येत नाही. मर्यादा ‘इफ’ने वेगळी तपासावी लागते. ‘एक्सेप्ट’पुढे व्हॅल्यूएरर हे नाव लिहायलाच हवे. नुसते ‘एक्सेप्ट’ लिहिले तर प्रोग्रॅम थांबवण्यासाठी दाबलेले कंट्रोल-सीसुद्धा त्यात पकडले जाते, आणि पुन्हा पुन्हा वय विचारणाऱ्या लूपमधून नवशिक्याला बाहेर पडता येत नाही.