पिवळा रंग येत नाही

छत्री उघडू नका. तुम्ही भिजणार नाही, कारण तुम्ही इथं नाहीच आहात. आज शनिवार, ६ ऑगस्ट २०१६. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा पूर्व किनारा, हॉक्स बे, गाव हॅवलॉक नॉर्थ, रस्ता ब्रुकव्हेल रोड. कालपासून पाऊस लागून राहिलाय. ऑगस्ट असला तरी श्रावण विसरा, इथला हा ऐन हिवाळा. समोर तारेचं कुंपण आहे आणि पलीकडे मेंढ्या, पावसाकडे पाठ करून, माना खाली घालून उभ्या. लोकरीतून पाणी निथळतंय. कुरणात पाणी साचलंय, त्यात लेंड्या विरघळतायत, आणि ते मातकट पाणी उताराकडे निघालंय. त्याच्या मागोमाग चला.

पाणी एका डबक्यात उतरतं. जवळच मांगातेरेतेरे नावाचा ओढा. डबक्यापासून साधारण ९० मीटरवर गावाच्या पाणीपुरवठ्याची विंधन विहीर आहे, पंप चालू आहे. तुम्ही सवयीनं पावलं मोजता. चौतीस वर्षं ग्रामसेवक होतात, पावसाळ्याआधी नि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करायची, उकिरडा नि संडास विहिरीपासून १५ मीटरच्या आत नाहीत ना ते बघायचं, मगच पाणी सुरक्षित म्हणून हिरवं कार्ड. त्या हिशेबानं ९० मीटर म्हणजे फारच झालं. तुम्हीसुद्धा इथं हिरवं कार्ड दिलं असतंत.

पण पंप खालून ओढतो आहे, आणि डबक्याच्या तळातून पाणी जमिनीत मुरून त्या ओढीच्या दिशेनं सरकतं आहे. आत्ता. तुमच्या पायाखालून.

ओरडून उपयोग नाही. तुमचा आवाज कुणाला जाणार नाही, पंपाचं बटण तुमच्या बोटानं दबणार नाही. या प्रवासात सवलत एवढीच, की खिशातली बाटली चालेल. हो, तीच, ओटीची, ऑर्थोटोलिडिनची. निवृत्तीनंतरही ती तुम्ही जवळ बाळगता, पाहुण्यांकडे गेलात तरी नळाचं पाणी तपासता, आणि घरच्यांना त्याची लाज वाटते.

आता रविवार. ते माता रोडवरचं एक घर. (‘ते माता’चा आपल्या मातेशी संबंध नाही. ‘ते’ हे माओरीतलं उपपद, आणि गावावर ओणवलेला ३९९ मीटरचा तो डोंगर म्हणजे माओरी कथेतला आडवा झालेला महाकाय सरदार, ते माता ओ राँगोकाको.) स्वयंपाकघरात एक बाई नळाखाली जग धरते. बाहेर अजून ओल आहे, पण जगातलं पाणी इतकं नितळ की पलीकडची खिडकी दिसते. तुम्ही परीक्षानळीत थोडं पाणी घेता, पाच थेंब टाकता, हलवता, उजेडाकडे धरता.

पिवळा रंग येत नाही.

पुन्हा करता. नाहीच. क्लोरीनचा मागमूस नाही. तुमच्या गावात असं झालं असतं तर जलसुरक्षकाला बोलावून विचारलं असतंत, क्लोरीनची टीसीएल पावडर टाकलीस की पोतं पुन्हा ओलीत ठेवून निकामी केलंस? हजार लिटरला पाच ग्रॅम, एवढा साधा हिशेब. इथं मात्र कुणी विसरलेलं नाही. टाकायचंच नाही, असं ठरलेलं आहे. हेरेतौंगाच्या मैदानाखाली भूजलाचे साठे आहेत, आणि सरकारी नियमांत ‘सुरक्षित’ विंधन विहिरीचा एक दर्जा आहे. तो मिळाला की प्रक्रिया न करता पाणी थेट नळाला. लोकांना याचा अभिमान आहे. क्लोरीन म्हणजे पोहण्याच्या तलावाचा वास, ते शहरांनी भोगावं, आमचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं. वस्ती सुमारे १४ हजार आणि तरी सगळे याला ‘द व्हिलेज’च म्हणतात. आपल्याकडे एव्हाना नगरपंचायतीसाठी मोर्चा निघाला असता.

बाई पेला भरते, मुलाला देते. तुम्ही हात पुढे करता. तो पेल्यातून आरपार जातो.

पुढचे दिवस भराभर जाऊ द्या. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर बहुधा दोन ते पाच दिवस गप्प असतो, म्हणून सोमवारी फारसं काही जाणवत नाही. मग शाळेत मुलं कमी. मग दवाखान्यात रांग. औषधांच्या दुकानात प्रत्येकाचं गाऱ्हाणं तेच, जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, आणि प्रत्येकाला वाटतंय की हे आपल्याच घरात आलंय. वृद्धांच्या वसाहतीत हाच जंतू आणखी वाईट रूप घेतो. साथ अशीच असते, घराघरात एकटी हिंडते आणि मोजायला कुणी बसेपर्यंत तिला नाव नसतं.

शुक्रवार, १२ ऑगस्ट. पाण्याच्या नमुन्यात ई-कोलाय आहे असा अहवाल येतो. इकडून आरोग्य खात्याकडे रुग्णांचे आकडे आलेले. नमुन्यातला जंतू वाढवून बघायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे प्रयोगशाळा ‘पाणी दूषित’ म्हणते तेव्हा ते पाणी लोकांनी पिऊन झालेलं असतं. हे तुम्हाला कुणी सांगायला नको. जिल्हा प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडेपर्यंत गावात सलाईनच्या बाटल्या लागलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत.

त्या दिवशी पाण्यात क्लोरीन पडतं आणि सूचना निघते: पाणी उकळून प्या. ती सूचना सप्टेंबर उजाडेपर्यंत राहणार आहे. सुपरमार्केटात लोक बाटल्यांच्या कप्प्यापाशी उभे आहेत, दात घासायला पाणी कुठलं घ्यायचं यावर एकमेकांना विचारतायत. तेवढ्यात नळातून तो वास येतो. त्यांना तो परका आहे. तुम्हाला मात्र त्या वासानं जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यातली टाकी आठवते, आणि इतक्या लांब, इतक्या चुकीच्या दिवशी, गावी आल्यासारखं वाटतं.

चौकशीत पुढे अंदाज येईल: १४ हजारांतले सुमारे साडेपाच हजार आजारी, ४५ रुग्णालयात, आणि तीन मृत्यूंना ही साथ कदाचित कारणीभूत. नंतरच्या अभ्यासांत आजाऱ्यांचा आकडा आणखी वर गेला. काहींचे सांधे धरले ते धरलेच.

आता घड्याळ उलटं फिरवा, अठरा वर्षं मागं. १९९८. रस्ता तोच, ब्रुकव्हेल रोड. गाव तेच, जंतूही तोच, कॅम्पिलोबॅक्टर, आणि पाणी याच रस्त्यावरच्या विहिरींचं. लोक आजारी पडले, अहवाल झाला, फाईल झाली. हे बघून तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. पण तुम्ही नुसती मान हलवता. तुमच्याही कपाटात अशा फायली होत्या, आणि बदली झाली की नवा माणूस कपाटाची किल्ली घ्यायचा, फाईल उघडायचा नाही.

मुक्काम आणखी मागं न्या. १८६०. घरं नाहीत, मैदान आहे. वस्तीची आखणी होतेय. जमीन न्गाती काहुंगुनु लोकांची, नुकतीच सरकारनं विकत घेतलेली. गावाला नाव द्यायचंय, आणि या मुलखात नावं हिंदुस्थानातून आणायची चाल पडलेली आहे. शेजारच्या बंदराला सिंध घेणाऱ्या चार्ल्स नेपियरचं नाव, जवळच्या खेड्याला क्लाइव्हचं, एका वस्तीला सिंधमधल्या मियानीच्या लढाईचं. पुढे इथलं मोठं शहर हेस्टिंग्ज होणार आहे, नाना फडणवीसांच्या काळातला तोच वॉरन हेस्टिंग्ज. आणि या गावाच्या वाट्याला आले आहेत सर हेन्री हॅवलॉक. दक्षिण बेटावर दुसरं हॅवलॉक असल्यानं हे ‘नॉर्थ’.

हॅवलॉक आपल्याला ठाऊक आहे तो १८५७ चा. जुलैत कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणारा, ऑगस्टात बिठूरवर चालून जाणारा. सप्टेंबरात तो लखनौत शिरला आणि तिथंच वेढ्यात अडकला. २४ नोव्हेंबर १८५७ ला तो गेला. गोळीनं नाही, आमांशानं. पोट बिघडून मेलेल्या सेनापतीच्या नावाचं गाव, आणि नाव ठेवल्यावर १५६ वर्षांनी गावाचंच पोट बिघडलं. काव्यगत न्यायाची मला आवड नाही, त्यात बिचाऱ्या पाणी पिणाऱ्यांचा काय दोष? पण ग्रामसेवकाच्या डोळ्यांनी बघितलं तर लखनौच्या वेढ्यातला प्रश्न आणि ब्रुकव्हेल रोडचा प्रश्न एकच निघतो: घाण कुठं जाते आणि पिण्याचं पाणी कुठून येतं.

चला, पुढे. २०१७, हेस्टिंग्ज, सरकारी चौकशीची सुनावणी. मागच्या बाकावर बसा. लिन स्टीव्हन्स हे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष आहेत. वकील कागद उलटतायत. आणि तुम्ही पहिल्यांदाच गालातल्या गालात हसता, कारण इथं जे चाललंय त्याचं भाषांतर करायची गरजच नाही.

भूजलाची राखण आणि पाणी उपशाचा परवाना प्रादेशिक परिषदेकडे. नळाला पाणी देणं जिल्हा परिषदेकडे. हॅवलॉक नॉर्थची स्वतःची नगरपालिका १९८९ च्या फेररचनेत हेस्टिंग्जमध्ये विलीन झाली, त्या फेररचनेनं देशातल्या साडेआठशेच्या आसपास स्थानिक संस्था ८६ वर आणल्या. पाणी पिण्याजोगं आहे का, हे तपासणारे अधिकारी तिसरीकडे. प्रादेशिक परिषदेनं जिल्हा परिषदेवर विहिरीच्या परवान्यावरून खटलाही भरला होता आणि मग मागे घेतला. पाणीपुरवठा म्हणतो भूजल खातं, भूजल खातं म्हणतं ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणते तालुका आरोग्य अधिकारी. या फुगडीत तुम्ही हयात काढलीत. इथं फुगडी इंग्रजीत आहे आणि सगळे बूट पुसून आलेत, एवढाच फरक.

एका बाबतीत मात्र तुम्ही गप्प होता. चौकशी भर खोलीत, नावानिशी चालली आहे. अहवाल मे २०१७ ला एक आणि डिसेंबरला दुसरा, दोन्ही लोकांसाठी खुले. जंतूंच्या वाणाची तपासणी करून ते बहुधा मेंढ्यांचेच होते हेसुद्धा मांडलेलं. प्रादेशिक परिषदेनं भूजलाची राखण नीट केली नाही, जिल्हा परिषदेनं १९९८ पासून धडा घेतला नाही, तपासनीस ढिले पडले, हे लिहिलं आहे. आणि यातल्या कुठल्याही एका चुकीनं थेट साथ आली नाही हेही लिहिलं आहे. हे दुसरं वाक्य लिहायला धैर्य लागतं. आपल्याकडे शिपाई निलंबित करून प्रकरण मिटतं.

तेव्हाचे हेस्टिंग्जचे महापौर लॉरेन्स यूल साथीनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ च्या टपाली मतदानात, पुन्हा निवडून आले आणि पुढच्या वर्षी खासदार झाले. यावरून लोकांनी माफ केलं म्हणावं की विसरले म्हणावं, ते तुम्ही ठरवा. मला तिसरंच वाटतं, लोकांना पाण्यापेक्षा रस्ता नि घरपट्टी जास्त दिसते. नळाचं पाणी नीट असेल तर ते कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या अहवालानं ‘सुरक्षित’ विहिरीचा तो दर्जाच काढून टाका म्हटलं, आणि सार्वजनिक पाण्यावर प्रक्रिया सक्तीची करा म्हटलं. त्यातून पुढे पाण्याचं वेगळं नियामक मंडळ आलं, ताउमाता अरोवाई. नोव्हेंबर २०२१ पासून काम त्याच्या हाती. याच सुमारास राजधानीत टूम निघाली, की गावोगावच्या परिषदांकडून नळ, सांडपाणी नि पावसाचं पाणी काढून मोठ्या संस्थांना द्यावं. ‘तीन पाणी’ नावाच्या त्या योजनेवर देश भांडला, सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रद्द झाली. आमचा नळ आमच्याच परिषदेकडे हवा, हे मात्र अनेक गावांनी मोठ्यानं सांगितलं. ग्रामसभेत स्पीकर लावून बोललेल्या तुम्हाला हे ऐकून परकं वाटलं नाही.

शेवटचा टप्पा. तेच ते माता रोडवरचं स्वयंपाकघर, साथीनंतरचा एखादा उन्हाळा. क्लोरीन आता कायमचं आहे, आणि लोक कुरकुरतायत. शेजारच्या नेपियरला तर क्लोरीन काढलेल्या पाण्याचे वेगळे नळ बसवावे लागले, लोक कॅन घेऊन भरायला जातात. बाई जग भरते, नाकाशी धरते, तोंड वाकडं करते आणि तसाच उघडा ओट्यावर ठेवून देते. वास उडून जावा म्हणून. तुमच्या घरीही हंडा रात्रभर याचसाठी उघडा राहायचा, आणि तुम्ही रागवायचात, अगं झाकण ठेव.

परीक्षानळी काढा. पाणी, पाच थेंब, हलवा, खिडकीकडे धरा.

हळदीच्या पाण्यासारखा फिका पिवळा.

तुम्ही सवयीनं खिसा चाचपता. नोंदवहीत चार रकाने असायचे, तारीख, वेळ, नळाचं ठिकाण, ओटी. चौथ्यात ‘आहे’ लिहायचं, खाली सही. वही गावी राहिली. पेन आहे. तुम्ही बाईंच्या फ्रिजवर चिकटवलेल्या वाणसामानाच्या यादीकडे बघता, तिच्या खाली दोन ओळी कोऱ्या आहेत.