काचेच्या बाटल्यांचे भट्टीतील पुनर्आकारण

काचेच्या बाटल्यांचे भट्टीतील पुनर्आकारण म्हणजे वापरलेली बाटली न वितळवता, केवळ मऊ होईपर्यंत तापवून तिला नवा आकार देण्याची प्रक्रिया होय. लहान घरगुती विद्युत भट्टीत या पद्धतीने तबक, वाडगा किंवा शोभेची वस्तू तयार करता येते. कारखान्यात बाटलीचा चुरा करून तो सुमारे १,५०० °से. तापमानाला पुन्हा वितळवतात. या प्रक्रियेला त्याच्या जवळपास निम्मेच तापमान पुरते.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, तसेच तेर व नेवासे येथील उत्खननांत प्राचीन काळातील काचेचे मणी व बांगड्या सापडल्या आहेत. आधुनिक काळात तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला, तर कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी परिचित झाला. काच कुजत नाही. त्यामुळे वेरूळसारख्या पर्यटन व तीर्थस्थळी टाकून दिलेल्या बाटल्या भंगारवाल्याकडे न गेल्यास दीर्घकाळ तशाच पडून राहतात.

प्रक्रिया

बाटलीची काच सोडा-चुना प्रकारची असून तीत सुमारे ७० टक्के सिलिका असते. प्रथम झाकण व कागदी लेबल काढून बाटली धुऊन पूर्ण कोरडी करतात. भट्टीच्या फळीला किंवा साच्याला केओलिन व ॲल्युमिना यांचा लेप देतात; तो नसल्यास काच फळीला चिकटते. बाटली आडवी ठेवून ती घरंगळू नये म्हणून तिला टेकू देतात. आतील हवा बाहेर जावी यासाठी तोंड उघडे ठेवतात.

सुमारे ५५० °से.पर्यंत तापमान सावकाश वाढवतात, कारण या टप्प्यात काच ठिसूळ असते व असमान तापल्यास तडकते. पुढे ७७५ ते ८०० °से.ला बाटली स्वतःच्या वजनाने चपटी होते. या तापमानाच्या आसपास ती फार वेळ राहिल्यास पृष्ठभागावर स्फटिक तयार होऊन पांढरट थर येतो.

अनुशीतन

आकार आल्यावर तापमान सुमारे ५५० °से.वर आणून काही काळ स्थिर ठेवतात आणि नंतर हळूहळू उतरवतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. घाईने थंड केल्यास बाहेरील थर आधी घट्ट होऊन आत ताण साठतो. अशी वस्तू दिसायला निर्दोष असते. मात्र काही दिवसांनी, धक्का न लागताही फुटू शकते. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिल्यास हा ताण उजळ पट्ट्यांच्या रूपात दिसतो.

मर्यादा व सुरक्षितता

निरनिराळ्या बाटल्यांच्या काचेचे प्रसरण गुणांक थोडे वेगळे असतात. त्यामुळे हिरवी व तपकिरी बाटली एकत्र जोडल्यास सांधा थंड होताना तडकू शकतो. म्हणून एका वस्तूसाठी एकाच बाटलीची काच वापरणे श्रेयस्कर ठरते. काच कापताना व घासताना चष्मा वापरणे, लेपाची कोरडी पूड श्वासात जाऊ न देणे आणि भट्टी पूर्ण निवल्याशिवाय न उघडणे आवश्यक असते.